एनएमएमएस परीक्षेची तयारी: गावातल्या शाळेत आठवीच्या पोरांकडून कशी करून घ्यायची

जून लागला की दरवर्षी कुणी ना कुणी नवीन रुजू झालेले सर नाहीतर बाई फोन करतात, एनएमएमएसला पोरं बसवायचीत, कुठलं पुस्तक घेऊ म्हणून. पुस्तक बाजारात मिळेल ते कुठलंही चालेल, त्यानं फार काही अडत नाही. अडतं ते दुसऱ्याच ठिकाणी. मी बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका अनुदानित हायस्कूलमधे गणित शिकवतो, आठवीचा वर्ग बरीच वर्षं माझ्याकडं आहे, आणि इतक्या वर्षांत पोरांचे पेपर बघून एक गोष्ट पक्की कळलीय की आमच्या पोरांचे निम्मे मार्क उत्तर येत नाही म्हणून जात नाहीत, प्रश्न नीट न वाचल्यामुळं आणि उत्तरपत्रिकेवरचा गोल चुकीचा रंगवल्यामुळं जातात. हे दोन्ही शाळेत फुकट शिकवता येतं, क्लास लावायची काहीच गरज नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. एनएमएमएस म्हणजे नॅशनल मीन्स-कम-मेरिट स्कॉलरशिप, ही केंद्र सरकारची शिष्यवृत्ती आहे, 2008 साली सुरू झाली. आपल्याकडं परीक्षा पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद घेते, साधारण डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी. देशात 1 लाख शिष्यवृत्त्या, त्यातल्या महाराष्ट्राच्या वाट्याला 11,682, आणि त्या जिल्ह्यावार आणि प्रवर्गावार वाटलेल्या असतात म्हणजे आपल्या पोराची स्पर्धा पुण्या-मुंबईशी नसते, आपल्याच जिल्ह्यातल्या पोरांशी असते, हे पालकांना जरूर सांगा. निवड झाली तर वर्षाला 12,000 रुपये, नववी ते बारावी, 4 वर्षांचे 48,000. सरकारी, जिल्हा परिषदेच्या, नगरपालिकेच्या आणि अनुदानित शाळेतल्या पोरांनाच बसता येतं. विनाअनुदानित, नवोदय, केंद्रीय विद्यालय, सैनिक शाळा यांना नाही. आई-वडलांचं मिळून उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि सातवीला 55 टक्के पाहिजेत, एससी-एसटीला 50.

पहिलं काम म्हणजे कुणाला बसवायचं ते. माझं स्पष्ट मत आहे, नियमात बसणाऱ्या सगळ्यांना बसवा. सुरुवातीला मीपण वर्गातली पहिली सहा-सात हुशार निवडून त्यांच्यावरच मेहनत घ्यायचो, आणि मग कळलं की वर्गात पहिला येणारा पोरगा लिहिण्यात हुशार असतो, उत्तरं पाठ असतात त्याची, पण इथं आकृती मनात फिरवायची असते, आकड्यांचा धागा पकडायचा असतो. मागच्या बाकावर बसून खिडकीतून बघत असलेली एक पोरगी, मराठीत शुद्धलेखनाच्या नावानं बोंब, तिला मी आरशातल्या प्रतिमेचे दहा प्रश्न दिले तर तिनं दहाच्या दहा बरोबर सोडवले, पेन्सिल न उचलता. घरी शिवणकाम चालायचं, कापड उलटं करून बेतायची सवय होती तिला. अशी पोरं आपल्याला तोंडी परीक्षेत किंवा वर्गपाठात कधीच सापडत नाहीत. म्हणून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात जुन्या पेपरातले 30 प्रश्न फळ्यावर लिहून सगळ्या वर्गाकडून सोडवून घ्या, मार्क सांगू नका, फक्त कोण कशात चालतंय ते तुमच्या डायरीत टिपून ठेवा.

दुसरं काम कागदांचं, आणि हे जूनमधेच काढा. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा लागतो, प्रवर्ग असेल तर जातीचा दाखला, आधार आणि बँक खातं. सगळ्यात जास्त घोळ नावाचा असतो. शाळेच्या जनरल रजिस्टरला एक नाव, आधारवर दुसरं, वडलांचं नाव कुठं पूर्ण कुठं नुसतं आद्याक्षर, जन्मतारीख अंदाजानं लावलेली 1 जून. फॉर्म भरताना हे लक्षात येत नाही, पोराची निवड झाल्यावर शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर आधार जुळत नाही तेव्हा कळतं आणि मग वर्ष हातातनं जातं. म्हणून जूनमधे सगळ्यांची आधार कार्डं मागवून घ्या, रजिस्टर शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून बघा, ज्याचं चुकलंय त्याला त्याच आठवड्यात आधार केंद्रावर पाठवा. ऑगस्टनंतर गर्दीपण वाढते आणि पालक रानात गुंततात.

आता आमच्या भागातली गोष्ट, जी पुस्तकात सापडणार नाही. इकडं दसरा झाला की माणसं ऊसतोडीला जातात आणि गावं रिकामी व्हायला लागतात. मुकादमाकडनं आगाऊ पैसे म्हणजे उचल घेतलेली असते, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी कारखान्याला जायची म्हटल्यावर पोरंपण ट्रॅक्टरमधे बसतात, धाकट्याला कोपीवर म्हणजे फडाजवळच्या झोपडीवर सांभाळायला थोरली पोरगी लागते. आणि परीक्षा डिसेंबरात. म्हणजे सहा महिने तयारी करून घेतलेली पोरगी परीक्षेच्या दिवशी सांगली नाहीतर कोल्हापूरकडं कुठल्यातरी फडात असते. यावर उपाय एकच, घरी आधी जायचं. पोळ्याच्या आधी जा, उचल घ्यायच्या वेळेला घरात बोलणं चालू असतं तेव्हा. शिक्षणाचं महत्त्व वगैरे भाषण करू नका, त्यांना ते तुमच्याआधी कळलेलं असतं, अडचण पैशाची आणि पोरगी मागं कुणापाशी ठेवायची याची असते. हिशोब सांगा, निवड झाली तर बारावीपर्यंत वर्षाला 12,000 तिच्या स्वतःच्या खात्यावर येतात. मग विचारा, आजी मागं राहतेय का, मामाच्या गावाला ठेवता येईल का. हंगामी वसतिगृहाची सोय गावात होणार असेल तर मुख्याध्यापकांकडून त्याच वेळी यादीत नाव घालून घ्या. एका आजीनं मला सांगितलं होतं, सर पोरगी राहू दे माझ्यापाशी पण संध्याकाळी अभ्यासाला बोलावलं तर घरी सोडायला कुणीतरी पाहिजे. बरोबरच होतं तिचं. तेव्हापासून आम्ही जादा तास संध्याकाळचा सोडून सकाळी शाळेच्या आधी 8 ते 9 केला, उजेडात सगळ्या पोरी मिळून येतात. आणि ज्यांना जावंच लागतं त्यांची सगळी तयारी दसऱ्याच्या आत उरकेल असं वेळापत्रक करा, जवळच्या नातेवाइकाला परीक्षेच्या आदल्या दिवशी पोराला घेऊन यायचं आत्ताच सांगून ठेवा, भाड्याचे पैसे शाळेनं वर्गणी काढून द्यावेत, आम्ही देतो.

पेपर दोन. सकाळी बौद्धिक क्षमता चाचणी म्हणजे मॅट, 90 प्रश्न 90 मिनिटं. दुपारी शालेय क्षमता चाचणी म्हणजे सॅट, तेही 90 प्रश्न 90 मिनिटं. एकूण 180 पैकी 40 टक्के म्हणजे 72 मार्क मिळाले की पोरगं पात्र, एससी-एसटी आणि दिव्यांग पोरांना 32 टक्के. पण पात्र म्हणजे निवड नाही, निवड जिल्ह्याच्या कोट्यातून गुणानुक्रमे होते, त्यामुळं 72 हे ध्येय धरू नका.

मॅट हा विषय वेळापत्रकात कुठंच नसतो, म्हणून तो मुद्दाम शिकवावा लागतो आणि म्हणूनच यात मार्क सगळ्यात लवकर वाढतात. आठवड्याला एकच प्रकार घ्या, जास्त नको. संख्यामाला, अक्षरमाला, सांकेतिक भाषा, वेन आकृती, दिशा, नातेसंबंध, रांगेतला क्रम, घड्याळ, दिनदर्शिका, फासा, आरशातली आणि पाण्यातली प्रतिमा, आकृत्या मोजणे. आणि पहिला तास वही उघडायचीच नाही. रांगेचा प्रश्न घ्या, एक मुलगा डावीकडून 12 वा आणि उजवीकडून 15 वा तर रांगेत मुलं किती? नव्वद टक्के वर्ग 27 म्हणणार. सूत्र सांगू नका. प्रार्थनेच्या मैदानात पाच पोरं उभी करा, मधल्याला विचारा डावीकडून कितवा, तो म्हणेल तिसरा, उजवीकडून कितवा, तिसरा, मग सहा झाले का? पोरं पाच दिसतायत. तिथंच एखादं ओरडतं, सर ह्याला दोनदा मोजला. बस, झालं काम, 26 उत्तर त्यांचं त्यांनी काढलं आणि आता ते डिसेंबरपर्यंत विसरत नाहीत.

चौकोन मोजायचा प्रश्न असाच. तीन बाय तीनची जाळी खडूनं व्हरांड्यात मोठी काढा. किती चौरस? 9. एखादा हुशार 10 म्हणतो, बाहेरचा मोठा धरून. मग एका पोराला दोन बाय दोनच्या चौरसात हात पसरून उभं करा, एक घर सरकायला सांगा, परत सरकायला सांगा, तसले 4 निघतात. 9 आणि 4 आणि 1, 14. नंतर चार बाय चारची जाळी दिली की पोरं स्वतःच 16, 9, 4, 1 करून 30 सांगतात.

मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी अक्षरांचे क्रमांक जड जातात, एबीसीडी म्हणत बोटं मोजत बसतात आणि मिनिट संपतं. त्यांना इ, जे, ओ, टी, वाय ही पाच अक्षरं पाठ करून द्या, 5, 10, 15, 20, 25. कुठलंही अक्षर आलं तरी जवळचा खांब सापडतो, दोन घरं मागं नाहीतर पुढं. उलट क्रम पाहिजे असेल तर 27 मधून वजा. घड्याळाच्या आरशातल्या प्रतिमेला 11 वाजून 60 मिनिटांतून वजाबाकी, 3 वाजून 20 मिनिटांचं 8 वाजून 40 होतं, पण हेसुद्धा आधी खरा आरसा आणून दाखवा, कंपासपेटीतला छोटा चालतो.

दिनदर्शिकेच्या प्रश्नात पोरं हमखास एक दिवस चुकतात. 26 जानेवारी 2025 ला रविवार होता, तर 15 ऑगस्टला कुठला वार? जानेवारीचे उरलेले 5, मग 28, 31, 30, 31, 30, 31 आणि ऑगस्टचे 15, सगळे मिळून 201. सातानं भागलं की बाकी 5, रविवारपासून पुढं पाच म्हणजे शुक्रवार. चूक कुठं होते तर 26 तारीख स्वतः मोजतात आणि जानेवारीचे 6 धरतात. भिंतीवरचं कॅलेंडर काढून बोट ठेवून मोजायला लावा, मग वर्ष लीप असेल तर काय हे त्यांनाच विचारू द्या.

सॅटमधे विज्ञान 35, समाजशास्त्र 35 आणि गणित 20. अभ्यास सातवीचा पूर्ण आणि आठवीचं पहिलं सत्र. इथं गणिताचे शिक्षक सगळा भार आपल्यावर घेतात आणि ते चुकीचं आहे असं माझं ठाम म्हणणं आहे, कारण गणिताला 20 आणि इतिहास-भूगोल-नागरिकशास्त्राला 35, म्हणजे इतिहासाच्या बाईंना सोबत घेतल्याशिवाय हे गाडं पुढं जात नाही. त्यांना वेगळा तास मागू नका, फक्त एवढं सांगा की धडा संपला की पोरांनाच त्यावर चार-चार पर्यायांचे पाच प्रश्न बनवायला लावा. पोरगं जेव्हा चुकीचे तीन पर्याय स्वतः शोधतं तेव्हा त्याला धडा खरा कळतो, कारण चुकीचा पर्याय बरोबर वाटला पाहिजे ना. मीठ उत्तर असेल तर बाकीचे साखर, गूळ, दगड लिहून चालत नाही, खायचा सोडा, धुण्याचा सोडा असं काहीतरी लिहावं लागतं. चांगले प्रश्न एका वहीत उतरवून ठेवा, ती वही पुढच्या वर्षीच्या वर्गाला जाते.

भूगोलात आठवीचा पहिलाच धडा स्थानिक वेळ आणि प्रमाण वेळेचा आहे, त्यावर गणितासारखाच प्रश्न पडतो आणि पोरं घाबरून सोडून देतात. 1 अंशाला 4 मिनिटं, 15 अंशाला 1 तास, पूर्वेला गेलं की वेळ पुढं. आपली प्रमाण वेळ 82 अंश 30 मिनिटं पूर्व रेखावृत्ताची, ते मिर्झापूरजवळून जातं, ग्रीनिचपेक्षा साडेपाच तास पुढं. साडेब्याऐंशीला 4 नं गुणा, 330 मिनिटं, भागिले 60, साडेपाच. हे एकदा फळ्यावर जुळलेलं बघितलं की पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. हा तास मी स्वतः घेतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चुकांची वही. प्रत्येक सराव पेपरनंतर पोरांनी मार्क मोजून वही मिटायची नाही, चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरवायचा आणि पुढं तीनपैकी एक लिहायचं: येत नव्हतं, नीट वाचलं नाही, घाई झाली. पेपर सोडवायला दीड तास लागत असेल तर या कामाला दोन तास द्या. पहिल्यांदा पोरं सगळीकडं "येत नव्हतं" लिहितात. मग त्यांच्याजवळ बसून तोच प्रश्न मोठ्यानं वाचायला लावा. "खालीलपैकी कोणता उभयचर प्राणी नाही" हे वाचताना "नाही" शब्दावर आल्यावर ते थांबतं आणि तुमच्याकडं बघतं. त्याला बेडूक उभयचर हे माहीत होतंच की, पहिल्याच पर्यायाला बेडूक दिसला आणि रंगवून टाकला. अशा वेळी रागवू नका, "येत नव्हतं" खोडून "वाचलं नाही" लिहायला सांगा. तीन-चार पेपर झाले की त्या पोराला आपण मठ्ठ नाही हे स्वतःच्याच वहीत दिसतं, आणि माझा अनुभव असा की तिथून पुढं ते मागं वळून बघत नाही. नाही, चुकीचा, वेगळा, उजवीकडून, चढत्या क्रमाने, असे शब्द आले की प्रश्नपत्रिकेवर पेनानं अधोरेखित करायची सवय ऑगस्टपासूनच लावा.

उत्तरपत्रिकेचं. ओएमआर म्हणजे गोल रंगवायच्या उत्तरपत्रिकेचे नमुने झेरॉक्स काढून घ्या, सराव पेपर कधीच वहीवर सोडवून घेऊ नका. काळं किंवा निळं बॉलपेन, गोल पूर्ण भरायचा, दोन गोल भरले तर तो प्रश्न गेला, खाडाखोड चालत नाही. एका वर्षी सराव परीक्षेत एका मुलीला 90 पैकी 31 पडले, रडायला लागली, मला पटेना कारण तिची तयारी चांगली होती. तिची प्रश्नपत्रिका मागितली, तिनं पर्यायांवर पेनानं खुणा केल्या होत्या, ती आणि ओएमआर शेजारी शेजारी ठेवले. 34 वा प्रश्न अवघड म्हणून सोडला होता आणि 35 चं उत्तर 34 च्या गोलात भरलं होतं, तिथून पुढं शेवटपर्यंत सगळं एक घर वर सरकलेलं. प्रश्नपत्रिकेवरच्या खुणा मोजल्या तर 64 बरोबर. तेव्हापासून आमच्या शाळेत नियम आहे, दर दहा प्रश्नांनंतर पेन थांबवायचं, प्रश्नाचा नंबर आणि गोलाचा नंबर बोट ठेवून जुळवायचा, मगच पुढं. दहा सेकंद लागतात. आणि सगळी उत्तरं प्रश्नपत्रिकेवर काढून शेवटी एकदम गोल भरू असं कुणालाही करू देऊ नका, 90 गोल भरायला पोरांना आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप वेळ लागतो.

उणे गुण नाहीत, त्यामुळं एकही गोल रिकामा सोडायचा नाही. पहिल्या फेरीत येतात तेवढे भराभर, अडलेल्याच्या नंबराला प्रश्नपत्रिकेवर गोल करायचा, दुसऱ्या फेरीत ते, आणि शेवटच्या पाच मिनिटांत जे उरलेत त्यात एखादा तरी चुकीचा पर्याय खोडून अंदाजानं भरायचं. दसऱ्यानंतर दर रविवारी एक पूर्ण परीक्षा घ्या, खऱ्या वेळेला, सकाळी साडेदहा ते बारा आणि दुपारी दीड ते तीन, मधे डबा खायचा. दुपारचा पेपर पोरांना झोप आणतो हे तेव्हाच कळतं, मग डब्यात काय आणि किती खायचं तेही ठरतं.

परीक्षेच्या आधी केंद्र जमलं तर एकदा दाखवून आणा, तालुक्याच्या मोठ्या शाळेत पहिल्यांदा गेलेलं पोरगं बिचकतं. प्रवेशपत्राच्या दोन झेरॉक्स तुमच्याकडं ठेवा, प्रत्येकाला दोन पेनं, आणि चालणारं साधं घड्याळ असेल तर बघा, वर्गातलं बंद असू शकतं.

निकाल लागल्यावर बरेच शिक्षक हारतुरे करून मोकळे होतात आणि खरं तर पैसे मिळेपर्यंत काम संपलेलं नसतं. निवड झालेल्या पोरानं नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर नववीत अर्ज भरायचा असतो, तो शाळेनं पडताळायचा, मग जिल्ह्यानं. मुदतीत नाही भरला तर निवड होऊनही पैसे येत नाहीत. खातं पोराच्या नावाचं आणि आधारला जोडलेलं पाहिजे, बापाचं चालवून घेऊ नका. जी मराठा-कुणबी पोरं पास झाली पण निवड यादीत बसली नाहीत त्यांच्यासाठी राज्य सरकारच्या सारथी संस्थेची छत्रपती राजाराम महाराज शिष्यवृत्ती आहे, महिन्याला 800 म्हणजे वर्षाला 9,600, तिचं परिपत्रक आलं की लगेच शाळेत शोधून काढा, खूप पोरं नुसती माहिती नसल्यामुळं यातून सुटतात.

अर्जाचं नूतनीकरण दरवर्षी करावं लागतं. दहावीला 60 टक्के लागतात, एससी-एसटीला 55, आणि अकरावीला अनुदानित किंवा सरकारी कॉलेजातच प्रवेश पाहिजे, डिप्लोमाला गेलं तर शिष्यवृत्ती थांबते, हे दहावीच्या पालक सभेत सांगा म्हणजे निर्णय ते समजून घेतील. कॉलेजात गेल्यावर ही पोरं विखुरतात आणि तिथल्या क्लार्कला याची कल्पना असतेच असं नाही. मी दहावीच्या निरोप समारंभाच्या दिवशी प्रत्येकाच्या प्रवेशपत्राच्या फोल्डरच्या आतल्या बाजूला त्याचा ओटीआर म्हणजे पोर्टलवरच्या एकदाच करायच्या नोंदणीचा नंबर, अर्जाचा नंबर आणि माझा मोबाईल स्केचपेननं मोठ्या अक्षरात लिहून देतो आणि ऑगस्टमधे एकेकाला फोन लावतो, अर्ज भरला का म्हणून.